फळीपलीकडून

१

लाकूड घ्यायला कानसेन वखारीत शिरला की वखारवाला आपली खुर्ची उचलून सावलीला नेत असे. आता दोन तास तरी सुटका नाही, हे त्याला ठाऊक होतं. बाकीची गिऱ्हाइकं लाकूड डोळ्यांनी बघत, फार तर हात फिरवून बघत. हा पठ्ठ्या ऐकायचा. फळी कडेपासून जराशी आत, दोन बोटांच्या चिमटीत धरून लोंबती ठेवायची. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने एकदाच टक् करायचं. मग डोळे मिटून, आवाज पार विझेपर्यंत उभं राहायचं. थप्प झालं तर फळी परत ढिगावर, टण्ण झालं तर बाजूला. चाळीस वर्षं तो हाताने युकुलेले, गिटारसारखी चार तारांची छोटी वाद्यं, बनवत होता आणि या कानांमुळेच लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. खरं नाव आता फक्त टपालावर उरलं होतं.

"लाकूड घ्यायला आलात की त्याची मुलाखत घ्यायला?" वखारवाला दर वेळी विचारायचा.

"खोटं बोलणारं नको ना मला," कानसेन दर वेळी म्हणायचा.

त्या दिवशी मात्र तो नुसता हसला. महोगनीचा ढीग झाला, देवदाराचा झाला. पंचवीस-तीस फळ्या झाल्या तरी एकही पसंत पडेना.

"गिऱ्हाईक फार मोठं दिसतंय," वखारवाला म्हणाला.

"घरचंच आहे."

वखारवाला उठून फळ्या उचलून द्यायला लागला. कानसेनच्या बायकोचं उजवं अंग गेल्याला चार महिने झाले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. अंगाबरोबर वाचाही गेली. राहिला डावा हात आणि मोजके शब्द. गेल्या महिन्यापासून तिने जेवणही सोडल्यात जमा होतं. डॉक्टर म्हणाले होते, औषध आम्ही देऊ, पण जगायचं तिला वाटलं पाहिजे. आणि कानसेनला एकच गोष्ट सुचली होती. चाळीस वर्षांत त्याने बनवलेलं प्रत्येक वाद्य पहिल्यांदा तिने वाजवलं होतं. तिने "हं" म्हटल्याशिवाय ते घराबाहेर पडलं नव्हतं. आता तो तिच्यासाठी एक बनवणार होता, चारही तारा एकाच मेळात लावलेलं, नुसता डावा हात फिरवला तरी पुरे असं. त्याला लाकूडही तसंच हवं होतं.

शेवटी भिंतीकडे, मोडक्या चौकटींच्या मागे, त्याला एक जाड तुकडा दिसला. दोन बोटं जाड, रंग काळपट, एका बाजूला जुन्या व्हार्निशचे डाग.

"हा कशातला?"

"कुठल्या तरी मोडीतला. कपाट असेल, पलंग असेल. माझ्याही आधीपासून पडलाय."

कानसेनने तो चिमटीत धरला. जड होता. त्याने टक् केलं आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. इतका स्वच्छ आवाज त्याने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तो विझायची वाटही न बघता त्याने तुकडा काखेत मारला आणि घर गाठलं.

२

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल, टेबलावर रंधे, पटाश्या, सरस वितळवायचं भांडं. मागच्या खोलीशी मध्ये विटांची भिंत नव्हती, लाकडी फळ्यांची होती, छतापर्यंत चढवलेली. बायको आजारी पडली तेव्हा कानसेनने तिची खाट त्या फळ्यांना टेकवून ठेवली. तिने डाव्या हाताने ठोकायचं आणि त्याने जायचं. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदला, तीनदा म्हणजे असाल तसे या.

लेकीला हे मान्य नव्हतं. तिने बटण दाबलं की वाजणारी घंटा आणून दिली होती. कानसेनला राग आला. "मला घंटा लागते? अगं, फळीतली भेग मी आवाजावरून सांगतो." घंटा तिच्या खोक्यासकट टेबलाच्या खणात गेली.

दुपारी तीनचा सुमार होता. बायकोला त्याने दोन चमचे पेज भरवली होती, त्यातला दीड बाहेर आला होता. मन रमवायला म्हणून त्याने तो तुकडा घेतला, चिमटीत धरला, टक् केलं. टण्ण. आवाज लांबत गेला, बारीक झाला, गेला. आणि तो गेल्यावर, अगदी हळू, तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

तुकडा टाकून तो आत धावला. बायको झोपली होती. डावा हात पांघरुणाच्या आत होता. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, तिचा श्वास मोजला, आणि झोपेत ठोकलं असेल असं म्हणून परत आला.

३

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने आधी आत जाऊन बघितलं. ती जागी होती, खिडकीकडे तोंड करून. त्याने बाहेर येऊन टक् केलं. आवाज विझला, मग तीन ठोके. तो आत गेला.

"तू ठोकलंस?"

तिने मान हलवली. "मी... नाही."

"अगं, आत्ता, या घटकेला?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिच्या अर्ध्या ओठावर जुनं हसू आलं. आजाराआधी ती हजारदा म्हणायची, लाकडाचं सगळं ऐकू येतं तुम्हाला, माझं तेवढं येत नाही. तेच तिला म्हणायचं होतं, हे त्याला शब्दांवाचून कळलं. त्याचा जीव सुखावला. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती.

पण डोक्यातला किडा जाईना. कानसेन भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. लाकूड वाळतं, तडकतं, कुरकुरतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? भिंतही लाकडाची, टेबलही लाकडाचं, एकाचा धक्का दुसऱ्याला बसत असेल. म्हणून तो तुकडा घेऊन समोरच्या न्हाव्याकडे गेला. मध्ये अख्खा रस्ता होता. न्हाव्याच्या दुकानाच्या भिंती विटांच्या होत्या.

"जरा कात्री थांबव," तो म्हणाला.

न्हावी आणि खुर्चीतलं साबण लावलेलं गिऱ्हाईक दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. टक्. टण्ण. शांतता. आणि मग, हातातल्या लाकडाच्या आतून, तीन ठोके.

"ऐकलंस?"

"काय?" न्हावी म्हणाला. "वाजलं की चांगलं. आता करू का मी माझं काम?"

शहाण्या माणसाने तो तुकडा तिथेच शेगडीत घालायला दिला असता. कानसेन शहाणा होता, पण त्याहून जास्त कारागीर होता. असं वाजणारं लाकूड त्याला पुन्हा मिळणार नव्हतं, आणि ज्याच्यासाठी ते हवं होतं तिच्याकडे वेळ नव्हता.

४

रविवारी लेक आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शाळेत शिकवायची आणि आठवड्यातून एकदा येऊन घर उलटंपालटं करून आवरून जायची. आईचे केस विंचरून झाल्यावर ती बाहेर आली आणि टेबलाला टेकली.

"हेच का ते आईचं लाकूड?" तिने हाताच्या पेरांनी त्याच्यावर वाजवलं. टक्-किण. तिच्या बोटातली चांदीची अंगठी ढिली होती. ती काहीही ठोकायला गेली की अंगठी घसरून मागोमाग आपटायची.

"अंगठी काढ आधी! ओरखडा पडेल."

"पडू दे. सही समजा माझी."

"मस्करी पुरे. नीट ऐक." त्याने तुकडा धरला आणि टक् केलं. "आवाज गेल्यानंतर काय येतं?"

लेकीने कान दिला. कानसेन तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तीन ठोके आले, त्याला ते दातांत जाणवले, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"काही नाही. का?"

"काही नाही."

ती अंगठी बोटात फिरवत राहिली. मग जरा दबकत म्हणाली, "बाबा, कान तपासून घेता का एकदा? चौसष्ट म्हणजे काही वय नाही, पण... आणि ती घंटा लावली का?"

कानसेनला हे फार लागलं. पोटच्या पोरीने कानांवर यावं! "लावीन," तो म्हणाला आणि लाकूड फडक्यात गुंडाळून ठेवलं.

५

मग त्याने करवत लावली. दोन बोटं जाडीच्या तुकड्याची सहा पातळ पानं निघाली, वहीची पानं उघडावीत तशी जोडीजोडीने. एक जोडी वाद्याच्या तोंडाला, म्हणजे तारांखालच्या पुढच्या बाजूला, एक पाठीला, एक उरली. ती त्याने फडताळात ठेवून दिली. बाजू आणि मान दुसऱ्या महोगनीच्या होत्या, त्या तयारच होत्या.

करवतून झाल्यावर त्याने तोंडाची जोडी सांधून एक पान केलं आणि ते धरून टक् केलं. आता ठोके स्पष्ट होते. तीन. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि परत तीन.

लाकूड पातळ होतं तसं उघडतं, हे या धंद्यातलं पहिलं वाक्य. जाड फळी सगळं पोटात ठेवते. रंधा मारत जावं तसा एकेक आवाज मोकळा होतो, आणि कुठे थांबायचं ते कळणं हीच कारागिरी. कानसेन हे वाक्य नवख्यांना शिकवत आला होता. आता त्याला त्याची भीती वाटायला लागली होती, तरी हात थांबत नव्हता. तो रंधा मारायचा, भुसा झटकायचा, टक् करायचा, ऐकायचा. दोन दिवसांनी दुसऱ्या तीन ठोक्यांनंतर आणखी एक सुटा ठोका ऐकू आला. बऱ्याच वेळाने आणि अगदी क्षीण. हाताला जोर नसताना मारल्यासारखा.

एक गोष्ट मात्र पक्की होती आणि त्यावरच त्याच्या अकलेने जीव धरला होता. पान आपणहून कधी काही बोललं नाही. त्याने टक् केलं तरच. नाही केलं तर ते दिवसभर मुकाट पडून राहायचं. म्हणजे हा लाकडाचाच गुण, त्याने स्वतःला सांगितलं. पडसाद म्हणायचा. जरा उशिरा येतो, एवढंच.

पान दोन मिलिमीटरवर आलं त्या सकाळी त्याने शेवटचं टक् केलं. तीन. तीन. एक. आणि मग, इतके दिवस लपून राहिलेला एक आवाज, वरून खाली लाकडावर नखं ओढत नेल्याचा. तो खालपर्यंत गेला आणि थांबला.

कानसेनने रंधा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. आणखी पातळ करायची गरजच नव्हती.

६

या सगळ्यात त्याच्या आत धावण्याला काही सुमार राहिला नव्हता. टक् केलं आणि ठोके आले की ते लाकडातले हे माहीत असूनही तो जायचा. माहीत असणं वेगळं आणि पाय थांबणं वेगळं. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. दार करकरायचं, ती दचकून जागी व्हायची. रात्री तिला झोप नसायची, दिवसा लागलेला डोळा हा मोडायचा.

एका दुपारी तो असाच दारात आला आणि बघतो तर ती रडत होती.

"काय झालं? दुखतंय?"

तिने डावा हात उचलला आणि त्याच्या दिशेने झटकला. मग शब्द जुळवायला लागली. तिला एक वाक्य उभं करायला विहिरीतून घागर ओढण्याइतके कष्ट पडायचे. "झोपू... द्या. मी... बोलवीन."

"अगं, पण मला वाटलं..."

"बोलवीन," ती म्हणाली. मग बोटाने फळ्यांवर वाजवून दाखवलं. तीनदा. ठोका खणखणीत होता. निरोगी माणसाचा असावा तसा.

तो खाली खाटेच्या कडेला बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. ज्या बाईला जगवायला हा सगळा खटाटोप, तिलाच तो झोपू देत नव्हता. "चुकलं," तो म्हणाला. "त्या लाकडातूनही मला असेच ठोके ऐकू येतात. आता नाही येणार उगीच. पानाला हात असला की ते पानच ठोकतंय असं समजेन आणि गप्प बसेन. हात मोकळा असेल आणि तू ठोकलंस तर उडत येतो. ठरलं?"

"ठरलं." तिने डोळे मिटले. मग एक उघडला. "झालं? ... माझं?"

ती वाद्याबद्दल विचारत होती. चार महिन्यांत तिने पहिल्यांदा एखाद्या गोष्टीबद्दल आपणहून विचारलं होतं.

"उद्या तोंड चिकटवतो. परवा तारा. परवा तू 'हं' म्हणायचंस."

त्या संध्याकाळी तिने वाटीभर पेज खाल्ली आणि एक थेंबही बाहेर आला नाही.

७

सकाळचे अकरा. रस्त्यावर ऊन होतं, समोर न्हाव्याचा रेडिओ चालू होता. तिला अंघोळ घालून, केस विंचरून, उशीला टेकवून तो कामाला आला होता.

तोंड चिकटवायचं काम म्हणजे घाईचा कळस. सरस गरम असतो तोवर पाण्यासारखा, आणि चार-पाच मिनिटांत गार पडून खळीसारखा घट्ट. तेवढ्यात कडेला गोल फिरवून सरस लावायचा, पान बसवायचं आणि चोवीस शिकंजे, सांधा दाबून धरणारे पेचाचे चिमटे, आवळायचे. मध्ये थांबलं तर सांध्यात सरस गोठतो, पान नीट बसत नाही आणि वाद्य कायमचं घसा बसल्यासारखं बोलतं. वाफ देऊन सोडवता येतं, पुन्हा चिकटवता येतं, पण त्यात दोन दिवस जातात. तिला परवा म्हणून सांगितलं होतं.

त्याने ब्रश फिरवला, पान ठेवलं, डाव्या तळव्याने दाबून धरलं आणि उजव्या हाताने शिकंजे लावायला घेतले. एक, दोन, तीन. सहाव्या शिकंज्याला तीन ठोके आले.

त्याचा पाय उचलला गेला आणि परत खाली आला. हात पानावर होता. ठरलं होतं. "तू गप्प बस आता," तो पानाला म्हणाला आणि सातवा आवळला.

बाराव्याला पुन्हा तीन आले. त्याला ते पाठ होते. त्यांच्यामधलं अंतरही पाठ होतं. आता थोडं थांबून एक येईल, त्याने मनात म्हटलं, आणि सतरावा आवळत असताना तो आला, क्षीण, सुटा. मग नखं ओढल्याचा आवाज, वरून खाली. त्याला बरंच वाटलं. चिकटवल्यावरही पानाचा आवाज बदलला नव्हता, म्हणजे सांधा घट्ट बसत होता.

चोवीसावा शिकंजा लागला. ओल्या फडक्याने त्याने बाहेर आलेला सरस पुसून घेतला, चारही बाजूंनी सांधा डोळ्यांसमोर फिरवून बघितला, मोरीत जाऊन हात धुतले. हात पुसत असताना त्याच्या लक्षात आलं.

आज त्याने पानावर एकदाही टक् केलं नव्हतं.

८

ती खाटेवरून अर्धी खाली आली होती. डावा हात अजून फळ्यांना लागून होता. व्हार्निशवर चार पांढऱ्या रेघा होत्या, वरून खाली, आणि जिथे संपत होत्या तिथे तिची बोटं होती. उशी जमिनीवर पडली होती.

डॉक्टर आले. मनगट धरलं, डोळे बघितले. "दुसरा झटका. अर्धा तास झाला असेल."

"लगेच कळलं असतं तर?"

डॉक्टर पिशवी बंद करत होते. "आता ते विचारू नका," ते म्हणाले, आणि कानसेनला उत्तर मिळालं.

लेक येईपर्यंत त्याने बायकोला नीट निजवलं, हात पांघरुणात घेतला, उशी डोक्याखाली दिली. खाट फळ्यांकडे आणखी सरकवून त्या रेघा झाकल्या. हे सगळं कशासाठी करतोय ते त्याला करताना कळत होतं.

"तिने ठोकलं नाही का, बाबा?" लेकीने विचारलं. रडून तिचा आवाज बसला होता.

"नाही."

"एकदाही नाही?"

"झोपेत गेली गं. झोपेत."

लेकीने विश्वास ठेवला. तोच त्याला सगळ्यात जड गेला. माणसं आली, बसली, गेली. पाचव्या दिवशी कात्री शोधायला म्हणून तिने टेबलाचा खण उघडला. घंटेचं खोकं तसंच होतं, वरची चिकटपट्टीही न काढलेली. ती त्याच्याकडे बघत राहिली. काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने खण बंद केला आणि आत निघून गेली.

९

शिकंजे त्याने दहाव्या दिवशी काढले. सांध्यात केसाइतकीही फट नव्हती. त्याने आयुष्यात इतकं नेटकं काम केलं नव्हतं. वाद्य चिमटीत धरून टक् केलं. आवाज आला, लांबला, विझला. त्यामागून काही आलं नाही. तो कान लावून बसला, ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं, तरी काही आलं नाही. पुन्हा टक् केलं, दहादा केलं. त्याला ते ठोके हवे होते. पानाला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

लेक शाळेतून रजा काढून राहिली होती. त्याला एकटं ठेवायला ती तयार नव्हती. राग होता, पण राग असला तरी बाप तो बाप. आईच्या खोलीत, आईच्याच खाटेवर ती झोपायची. आताही आत तिची आवराआवर चालली होती. कपाटाचं दार, बादलीची कडी, मधूनच एखादं गाणं.

फडताळातली उरलेली जोडी त्याने बाहेर काढली. या लाकडाचा उरलेला अंश घरात ठेवायचा नाही, अंगणात जाळून टाकायची, हे त्याने आठ दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. काडेपेटी खिशात होती. दोन्ही पानं हातात घेऊन तो उठला, आणि चाळीस वर्षांची खोड जाते कुठे, एक पान चिमटीत गेलं आणि पेराने टक् झालं.

टण्ण. आवाज विझला.

टक्-किण. टक्-किण. टक्-किण.

त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. त्यांत काही नव्हतं, कधीच नव्हतं. आत लेक गात होती. पान अजून चार मिलिमीटर होतं. पुढे काय आहे ते ऐकायचं तर रंधा मारावा लागला असता. आणि ऐकूनही काय होतं ते तो बघून बसला होता.

पानं टेबलावर ठेवून तो आत गेला.

"अंगठी काढ."

"काय?"

"बोटातली अंगठी. काढून ठेव."

"बाबा, काय झालंय तुम्हाला?" ती खाटेवर चादर घालत होती.

"काढ गं! मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?" त्याचा आवाज चिरकला. "आणि आज घरी जा. आत्ता जा."

लेकीने चादर सोडली. म्हाताऱ्याचं डोकं फिरायला लागलंय, हे तिच्या चेहऱ्यावर त्याला स्पष्ट दिसलं, आणि त्याच्या जोडीला दयाही. पाच दिवसांचा राग त्या दयेत विरघळला. "तुम्हाला या अवस्थेत टाकून मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "ही घ्या. बास?" तिने अंगठी ओढून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "बसा बाहेर. मी चहा टाकते."

अंगठी मुठीत धरून तो बाहेर आला. त्याने मूठ उघडली, अंगठी खिडकीच्या कडेवर नीट ठेवली, पान उचललं, चिमटीत धरलं. आता नसेल, तो स्वतःशी म्हणाला. आता काही नसेल. त्याने टक् केलं आणि डोळे मिटले.

टण्ण लांबत गेलं, बारीक झालं, विझलं. आत कपबशा वाजल्या. मग तीन ठोके आले, हळू आणि ओळखीचे. या वेळी त्यांच्यामागे किण नव्हतं. ठोकणाऱ्या बोटात आता अंगठी नव्हती, एवढाच फरक पडला होता.